तीस तासांची सही

पठारावरून खाली उतरायला सात मिनिटं लागतात,
ब्रेक बरे असतील तर.
मागे झेनिता, तिच्या मांडीवर सूक्ष्मदर्शक,
आंघोळीनंतरच्या बाळासारखा टॉवेलात गुंडाळलेला.
माझ्या पिशवीत काचपट्ट्या, ड्रॉपर,
खारटपणा मोजायची ती नळकांडी,
आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद:
समाजसंपर्क, तीस तास, दोन श्रेयांक,
शाळाप्रमुखांची सही व शिक्का.

कुडक्याच्या खाजनाकडेला सरकारी शाळा.
दोन खोल्या, चार इयत्ता, एकवीस मुलं.
पाढे मराठीत, भांडणं कोंकणीत,
तिघांची रडणी लमाणीत.

फळदेसाई बाईंनी चष्मा कपाळावर सारून
कागद वाचला. काही बोलल्या नाहीत.
खण उघडला, वाळलेल्या शाईवर
दोन थेंब पाणी शिंपडलं,
आणि तीसच्या तीस रकान्यांत
सह्या ठोकून दिल्या. पहिल्याच दिवशी.

"घ्या. दर वर्षी कुणी ना कुणी येतं.
चौथ्या शनिवारी सहीची घाई सुरू होते,
पाचव्या शनिवारी मुलं नुसतीच दारात उभी.
म्हटलं, आधीच देऊन टाकावी.
आता यायचं तर या."

त्या दिवशी काय शिकवलं, आठवत नाही.
बहुधा पेशी. कांद्याचा पापुद्रा
काचेवर नीट बसेना.
परतताना विद्यापीठाच्या फाटकापर्यंत झेनिता गप्प.
मग म्हणाली, "सयो जाल्यो. आतां कितें?"

पुढच्या शनिवारी गेलो.
का, ते धड सांगता येणार नाही.

मुलांनीच आम्हांला बाहेर काढलं,
बांधावरून एकामागे एक, मानशीपर्यंत.
फळ्यांच्या फटीतून पाणी फुसफुसत होतं.
तिसरीतल्या कृष्णनाथ चारीनं बोट बुडवलं,
चाटलं, आकाशाकडे बघत विचार केला:
"बारीक खारट. ओहोटी लागून दोन तास झाले."
आम्ही थेंब काचेवर घेतला,
नळकांडी उन्हाकडे धरून वाचलं: अठरा.
त्यानं खांदे उडवले. "तेच ना. बारीक."

तेव्हापासून वहीत दोन रकाने.
एकात यंत्र, दुसऱ्यात जीभ.
नऊ: डोळ्यांतल्या पाण्याएवढं.
बावीस: कोरगूटसुद्धा तोंड फिरवील.
तीस: मासे खूश, बापूस वैतागलेला.
सरांना वही दाखवली. ते बराच वेळ
दुसराच रकाना वाचत होते.

डिसेंबरात मुलं वर आली, विद्यापीठाच्या बसमधून.
रखवालदारानं यादी मागितली, डोकी मोजली,
एकवीसची बावीस झाली, परत मोजली.
प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीत
सर प्लवकांबद्दल सांगत होते,
आणि चौथीतली शांतव्वा राठोड
भिंतीवर तळहात ठेवून उभी.

"हिला माझ्या आईनं पाणी मारलंय.
रोज दोनदा. मी तिथं रेतीवर झोपायची."

सरांचं वाक्य अर्ध्यात राहिलं.
दोन वर्षं मी त्याच भिंतीला टेकून
चहा पीत आले होते.
सरांनी विचारलं, "कुठल्या मजल्यापर्यंत?"
"सगळ्या. पण मला वर सोडत नव्हते."

मग प्लवकं राहिली.
सगळे जिन्यानं गच्चीवर गेलो, धापा टाकत.
खाली माडांच्या फटीतून खाजनाची चकाकती पट्टी,
तिच्या कडेला शाळेचं छप्पर, खोडरबराएवढं.
शांतव्वा म्हणाली, "एवढी जवळ?"
कुणी उत्तर दिलं नाही.
कृष्णनाथला मानस दिसत नव्हती
म्हणून तो रुसून बसला होता.

कागद मी केव्हाच जमा केला.
श्रेयांक मिळाले. सत्र संपलं.
झेनिता कारवारला नोकरीला लागली,
फोनवर पहिल्यांदा पाण्याचा आकडा विचारते.

काल सूक्ष्मदर्शक मागायला गेले
तर प्रयोगशाळेतले विठोजी म्हणाले,
"तास तर भरले गो तुझे. आता कशाला?"
नोंदवही पुढे सरकवली.
नाव लिहिलं, तारीख लिहिली.
कारणाच्या रकान्यापाशी पेन थबकलं.
मग लिहिलं:
भरती साडेदहाला.