उठवायचं काम

निमंत्रणावर माझं आडनाव चुकलंय. सरदेसाई लिहिलंय.
मी सरनाईक.
तरी गेलो. इस्त्रीचा शर्ट, बसचा पास,
पिशवीत एक पुस्तक, त्याचं पुढे सांगतो.

भवानी पेठेतून आत वळलं की आधी वास यायचा:
वखारीतला भुसा, मिरचीची पोती,
मग आमचा, डांबरगोळी आणि खळ.
इस्माईल बाइंडर खळीत मोरचूद घालायचा,
बोटं कायम निळसर.
म्हणायचा, कसरीला अक्षर कळत नाही साहेब,
पण चव कळते.

आता वास चुन्याचा.
भिंती खरवडून जुन्या रीतीनं गिलावा केलाय,
गूळ, मेथी, बेलफळाचं पाणी.
ऐश्वर्या ओसवाल, आर्किटेक्ट, तिशीसुद्धा नसेल,
सांगत होती, तीन आठवडे ओल्या गोणपाटात
गुंडाळून ठेवल्या होत्या भिंती, बाळंतिणीसारख्या.
गुळाला मुंगळे लागले का, मी विचारलं.
लागले, म्हणाली. पहिल्याच दिवशी.
मला ती आवडली.

जिना तोच. सातवी पायरी अजून बोलते.
ज्या सागवानी काउंटरवर
मी एकतीस वर्षं तारखेचे शिक्के मारले
तिथं कॉफी मिळते.
नियतकालिकांच्या खोलीत शिवणवर्ग,
संदर्भ विभागात रक्तदाब तपासतात,
मंगळवारी आणि शनिवारी.
पुस्तकं आहेत. नाहीत असं नाही.
एका भिंतीशी, काचेमागे,
लग्नाला आलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी.

ही तक्रार नव्हे.
शहाण्णव साली वर्गणीदार तीनशे,
कुलूप लागलं तेव्हा अकरा,
त्यातले दोन वारलेले.
नियमित वाचक शेवटी दोघंच,
कसर आणि मी.

‘शांतता राखा’ची पाटी त्यांना माळ्यावर सापडली.
पॉलिश करून लावलीये,
बरोबर लाउडस्पीकरखाली.

माझं आणखी एक काम असायचं,
नेमणूकपत्रात नसलेलं:
वाचनकक्षात झोपणाऱ्यांना उठवायचं.
दुपारी हमाल यायचे,
पेपर उभा धरून त्यामागे डोळे मिटायचे.
सेक्रेटरी म्हणायचे, ही धर्मशाळा नव्हे.
मी फूटपट्टी घेऊन फिरायचो,
टेबलावर टक टक, दोनदा.
एक जण दचकून उठला होता,
आलो, आलो, म्हणत, पाठ वाकवून,
जसं कुणी पोतं द्यायला उभं आहे.
नाव आठवत नाही त्याचं.
टेबलावर पंजाचा घाम राहिला होता, पाची बोटं.
मी फडक्यानं पुसला.

आज त्याच खिडकीशी
डिलिव्हरीवाला एक पोरगा,
चौकोनी पिशवी पायाशी, फोन चार्जिंगला,
तोंड जरासं उघडं.
खाली नगरसेवक बोलतायत. हा गाढ.

माझा हात आपोआप टेबलाकडे गेला.
पट्टी नव्हती. पिशवी होती.
आत दाखल क्रमांक चार हजार एकशे सतरा,
शेवटच्या दिवशी मी उचललेलं,
नोंद न करता.
हो, मीच. रोज दहा पैसे दंड वसूल करणारा.
परत द्यायला आणलं होतं.
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
काका, डोनेशनचा खोका जिन्याखाली आहे.

चार वाजता त्या खिडकीतून ऊन आत येतं,
हे त्या सगळ्यांत फक्त मला माहीत.
पूर्वी पडदा होता.
आलं. पोराच्या हनुवटीवर, मग ओठांवर.
मी पुस्तक उघडून टेबलावर उभं केलं,
थोडं सरकवलं,
डोळ्यांवर सावली पडेपर्यंत.

मग त्याचा फोन थरथरला.
ऑर्डर असावी. पडद्यावर आकडे उतरत होते,
अठ्ठावीस, सत्तावीस.
एकतीस वर्षांत
उठवावं का, असं कधी मनात आलं नव्हतं.
बावीस.
निदान नाव तरी
विचारून ठेवायला हवं होतं.