मोंढ्यातलं अनेकवचन

परभणीच्या मोंढ्यात, मुंदडांच्या आडतीवर,
बारदानाच्या थप्पीला टेकवलेल्या टेबलावर
मी एक छोटी लायब्ररी लिहिते आहे.
शब्द द्या, आकडा द्या,
ती नीट रूप काढून देईल.
कारण जुन्या पट्टीवर छापून यायचं
‘१ कट्टे’, ‘४० पोतं’,
आणि जिंतूरकडचे लोक पट्टी उलटीसुलटी करून विचारायचे,
हे मशीन कोणत्या गावचं?

इंग्रजीवाली लायब्ररी
शेपटीला एक एस लावून मोकळी होते.
तिच्यात आणखी एक सोय:
पहिलं अक्षर मोठं करा, नाहीतर सगळीच.
‘मुंजाजी’ हा शब्द तिला दिला,
तिनं जसाच्या तसा परत केला.
देवनागरीत उठून उभं राहायला अक्षरांना जागाच नाही,
सगळी एका रेघेला लोंबलेली.
मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पहिले दोन तास सोपे गेले.
कट्टा, कट्टे. काटा, काटे. रुपया, रुपये.
पोतं, पोती. पट्टी, पट्ट्या.
वीट विटा, पण भिंत भिंती,
का ते विचारू नका,
अपवादांची फाइल वेगळी ठेवली आहे.
कापूस कितीही गाठी झाला तरी कापूस.

विभक्तीचा त्रास जास्त.
प्रत्यय चढायच्या आधी शब्द वाकतो.
मोंढा मोंढ्यात, विहीर विहिरीवर, माणूस माणसाला.
खिडकीतून दिसत होतं,
पाठीवर पोतं घ्यायच्या आधी
मुंजाजी गुडघ्यात तसेच वाकत होते,
खांद्याला लोखंडी आकडा.

‘हमाल’ दिलं. एक: हमाल.
चौदा: हमाल.
टेस्ट हिरवी झाली.
मुंजाजी पाणी प्यायला आले तेव्हा दाखवलं.
“बरोबर हाय की,” म्हणाले,
“एक काय न् चौदा काय.”

अडलं क्रियापदापाशी.
फाटकावरच्या नोंदीत छापायचं होतं, कोण किती वाजता.
आकडा एक, म्हणून लायब्ररीनं काढलं:
शेठ आला, ८.१०.
दिगंबर मुनीम चहासकट उठले.
“आला? आले कर, आले!”
मी एक खूण जोडली: आदर, हो किंवा नाही.
विचारलं, कुणाकुणाला लावू?
त्यांनी वहीच्या मागल्या पानावर यादी दिली,
शेठ, शेठचे चिरंजीव, बाजार समितीचे सचिव,
बँकेचे साहेब, मी धर,
आणि वजनकाट्याचा इन्स्पेक्टर, आला त्या दिवसापुरता.

रात्री ती टाइप करताना कळलं,
लिपीत मोठी अक्षरं नसल्याचं
मी उगीच कौतुक करत होते.
आमचं मोठेपण क्रियापदाच्या टोकाला असतं.
आला, आले:
काना निघून जातो
आणि मात्रा रेघेच्या वर चढून बसते.

यादी टाकलीच नाही.
डिफॉल्ट बदलला. आदर: हो.
‘नाही’ हवं असेल तर कारण लिहायचं,
कारणाची चौकट रिकामी सोडता येत नाही.

सोमवारी छापून आलं:
मुंजाजी आले, ६.४०.
काशाबाई आल्या, ६.४५.
टेम्पो आले, ७.०५, एमएच बावीस.
मुनीम म्हणाले, हा बग आहे.
मी म्हटलं, टेम्पोचा आहे, दुरुस्त करते.

काशाबाई मोंढा झाडतात, सातवी शिकलेल्या.
खराटा भिंतीला लावून
त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, दोनदा वाचलं,
मग दाराकडं वळून बघितलं.
“ताई, माज्यासंगं आजूक कोण आलतं?”