अकरावी पाटी

बेथेलची ही अकरावी पाटी माझ्या हातची.
पहिली ऐरोलीच्या प्रार्थनागृहाची, पत्र्यावर, निळी.
मग पाळणाघर, दातांचा दवाखाना,
कोपरखैरण्यात तर सुक्या मासळीचं दुकान.
पैसे बहुतेक उधार.

आज दिघ्यात. बुजवलेल्या खदानीवर
सोळा मजली बेथेल.
बिल्डर विचारतो, ‘अर्थ काय हो, वाक्रूळकर?’

म्हटलं, देवाचं घर.
याकोब घर सोडून पळाला, वाटेत रात्र पडली,
उशाला धोंडा घेऊन निजला.
सकाळी त्याच धोंड्यावर तेल ओतलं, नाव ठेवलं.
(आम्ही शनवारतेली. तेलाचं तेवढं लक्षात राहतं.)

‘आन् त्याच्या आधी काय म्हनायचे?’
घमेलं उतरवत यल्लव्वा.

लूज, म्हटलं. बदाम.

ती हसली.
‘हितं चिंचेची खदान. चिंच कवाच सुरुंगात गेली.
दादला दुपारचा हितंच पडायचा,
फोडायच्या दगडावर डोकं टेकून.’
त्याला स्वप्न काय पडायचं
ते मी विचारलं नाही.

पाटीच्या मागच्या अंगाला,
जे भिंतीला चिकटणार,
उरल्या रंगात लिहिलं: चिंचेची खदान.
एक वेलांटी ओघळली.
ओघळू दिली.