अंजिराचं झाड होतं तिथून

एरेदियात, रात्री अडीचला,
यॉर्लेनीच्या पडद्यावर एक मशीन पडलं.
आतल्या नेटवर्कात त्याचा पत्ता
दहा-शून्य-शून्य-सात,
घरात हाक मारायच्या नावासारखा.
चौकात तो कुणाला ठाऊक नाही.

बाहेरचा पत्ता वेगळा. लवचिक, उसना.
तो तिनं गेलेल्यावरून सोडवला,
नव्याला लावला.
लिमोनच्या दवाखान्यात
एक पान जरा उशिरा उघडलं,
इतकंच.

पहाटे टॅक्सीत बसून म्हणाली,
"अंजिराचं झाड होतं तिथून
दोनशे मीटर दक्षिणेला.
पिवळं फाटक."

झाड तोडलं तेव्हा ती तिसरीत होती.
फाटक तर परवाच
भावानं निळं केलंय.

ड्रायव्हर कोवळा, विशीतला,
झाड त्यानं कुठून बघितलेलं असणार.

"हो, माहितीय," म्हणाला,
आणि गाडी वळवली.