पाच बाय सव्वासतरा

मल्लव्वा फोटो मागायला आली तेव्हा
मी नेहमीचं विचारलं, केवढा हवा?
म्हणाली, भिंतीवर लावतात तेवढा.
म्हणजे आठ बाय दहा.
खानापुरात माणूस गेला की आठ बाय दहा होतो,
चंदनाचे हारसुद्धा त्याच मापाचे मिळतात.

स्क्रीनवर तिचा बाप उघडला.
भरमाणी कुंभार, कौलांच्या कारखान्याच्या अंगणात
उजव्या टोकाला उभा, खांद्यावर टॉवेल,
आणि त्याच्या पायापासून डावीकडे
ओली कौलं, एका रांगेत, उन्हाला टेकलेली.
मीच काढलेला. नंदगडच्या लग्नाची ऑर्डर आटपून येताना,
बॅटरीची शेवटची लाल काडी उरलेली असताना.

आठ बाय दहाची चौकट ठेवून बघितली.
भरमाणी मोठा केला की रांग जाते.
रांग धरली की वर आभाळ येतं, पांढरं, बिनकामाचं,
खाली तुडवलेली माती, कुणाची तरी एक चप्पल,
आणि भरमाणी मुंगीएवढा.
चार बाय सहाला तेच. पाच बाय सातला तेच.
ही मापं कुणी ठरवली असतील
त्यानं रांगेत उभं राहून कधी काही केलं नसणार.

मग मापाचं कुलूप काढलं.
वरची कड खाली ओढत आणली
तर मधे बोर्ड आला: कारखान्याचं नाव
वर कन्नडात, खाली मराठीत.
इथं थांबलो तर वरची ओळ जाते,
आणि उद्या कुणीतरी काउंटरवर कोपर टेकून विचारणार,
मुद्दाम कापलास काय?
अख्खा बोर्ड काढला.
आमच्या भागात अर्धं काही कापायचं नसतं.

आभाळ गेलं. माती गेली. चप्पल गेली.
उरली एक पट्टी, पाच बाय सतरा,
आणि त्या पट्टीत भरमाणी
एकदम स्वतःच्या उंचीचा झाला.

बेळगावचा लॅबवाला म्हणाला, असा सैज यादीत नाही.
बारा बाय अठराच्या कागदावर काढून घेतला,
उरलेल्या जागेत कुणाच्या तरी मुलीचे पासपोर्ट.
पोलादी पट्टी, नवं ब्लेड, श्वास धरून चार रेघा.
ईरप्पा बडिगेरनं फ्रेम केली. उलटसुलट करत म्हणाला,
येनप्पा, फोटो हाय की गजाची खिडकी?
काच मोडक्या शोकेसची निघाली.

मल्लव्वानं फ्रेम मांडीवर घेतली.
बापाकडे एकदाच बघितलं.
मग त्याच्या पायापासून बोट ठेवलं काचेवर
आणि सरकवत नेलं, ओठ हलवत.
मला वाटलं, काही म्हणतेय देवाचं.
एक्केचाळीस, ती म्हणाली.
नगावर पैसे होते त्याचे. सांजचं मुकादम मोजायचा,
आणि रोज दोन-तीन कमीच भरायची.
घरी येऊन बोटं मोडत बसायचा, कुठं गेली म्हणून.

बोट डाव्या कडेला थांबलं होतं.
आणि हे?
तिथं एक कौल अर्धं होतं.
मीच ठेवलेलं तसं, जाणूनबुजून,
रांग चौकटीबाहेर चालत गेल्यासारखी वाटावी म्हणून.
मला फार आवडलं होतं ते.

अर्ध्या कौलाचे पैसे देत नव्हते, ती म्हणाली.
रागानं नाही. माहिती म्हणून.

रात्री फाइल पुन्हा उघडली.
कापलेलं सगळं तिथंच होतं, चप्पल, आभाळ, बोर्ड,
काही कुठं गेलेलं नव्हतं.
डावी कड धरून केसभर ओढली.
कौल पुरं झालं. सव्वासतरा.
रांग आता कुठं चालत नव्हती. संपत होती.

पाव इंच? ईरप्पा म्हणाला.
पाव इंचासाठी मोडू काय सगळी?
बेचाळीस, मी म्हणालो.
काय बेचाळीस, ते त्यानं विचारलं नाही.
दुसरी काच काढली, फुंकर मारली,
पट्टी ठेवली
आणि हिऱ्यानं रेघ ओढली.