रकाना क्रमांक सात

विभागाचा अर्ज आलाय.
रकाना सात: आपल्या संशोधनाची आवड.
दोनशे अक्षरांत, स्वल्पविरामासकट.

निगडे सरांनी जेवणाच्या सुट्टीतच भरला.
कर्क्युमिन, पेशींचा दाह, पुन्हा कर्क्युमिन.
बावीस वर्षं हळदीत काढली या माणसानं,
त्यांचा पांढरा कोट कुणी पांढरा पाहिला नाही,
आणि घरी कुणी हळदीचं दूध पुढं केलं
की म्हणतात, पुरावा अपुरा आहे, चहा टाका.

अल्फिया बारगीरचाही तयार:
पूर ओसरल्यावर विहिरीत काय उरतं.
तिच्या फ्रीजमध्ये गावांच्या नावांच्या बाटल्या आहेत,
भिलवडी, अंकलखोप, कसबे डिग्रज,
एकीवर नुसतंच, 'मामाची विहीर'.

माझंच अडलंय.
मी मूळची भौतिकशास्त्राची,
नेमणूक जीववैद्यकात, पगार तिसऱ्याच खात्यातून,
आणि चार वर्षं दर गुरुवारी बसते मिरजेत
बंदेनवाजचाचांच्या दुकानात,
वाळत टांगलेल्या भोपळ्यांखाली.

चाचा तंबोऱ्याची घोडी घासतात.
कानस, फुंकर, कानस.
मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतात केसभर
आणि मुकी तार एकदम भरून येते.
'हा सूर आधी कुठं होता?' पहिल्या दिवशी मी विचारलं.
'होता ना. त्याला घासायला जागा नव्हती.'
मी ते वहीत उतरवलं.
समीकरण सात महिन्यांनी आलं, आणि एवढं नेटकं नव्हतं.

छबूताई ऐवळे, वय त्रेपन्न,
हळद पॉलिशच्या कारखान्यात एकोणीस वर्षं.
त्यांच्या पाठीवर मी सहा मायक्रोफोन चिकटवते.
श्वास घ्या. सोडा. घ्या.
पडद्यावर रेघ चालते, मधेच काटे उगवतात:
मिटलेला एकेक वायुकोश उघडताना तडकतो, त्याचे.
त्या म्हणाल्या, मला बी ऐकवा की.
हेडफोन लावून बराच वेळ गप्प बसल्या.
'कुणीतरी वाळल्या पाल्यातनं चाललंय, बाई.'
मग जरा हसून,
'माझ्यात एवढा पाला कधी साठला?'

हे कुठल्या तक्त्यात मांडू?

तीच ध्वनिफीत चाचांना ऐकवली, नाव न सांगता.
डोळे मिटून, मान किंचित कलती:
'डाव्या अंगाला, खाली. जवारी बसलीय.'
पुढच्या आठवड्यात एक्स-रे आला.
डावी बाजू, खालचा भाग.
नियतकालिकाच्या परीक्षकानं विचारलंय,
दुसऱ्या निरीक्षकाची पात्रता काय, संस्था कोणती?
चाचा म्हणाले, दुकानाला पाटी नाही, लिही तसं.

हरिपुरात हळदीची पेवं होती,
जमिनीच्या पोटात, अरुंद तोंडाची, आत ऐसपैस.
माझा आजा हमाल. पेवात उतरण्याआधी
दोरीनं कंदील खाली सोडायचा.
जळत राहिला तर उतरायचं,
विझला तर काठावर बसून तंबाखू मळायची
आणि पेवाला श्वास घेऊ द्यायचा.
मी लहानपणी विचारायची, आत काय दिसतं?
म्हणायचा, दिसत काय न्हाई, कंदील सांगतो.

मी रकान्यात लिहिलं:
कंदील सोडून पाहणे.

लाल अक्षरं आली: किमान शंभर हवीत.
खाली यादी उघडली, विषय निवडा:
भौतिक, रसायन, जीव, वैद्यक,
आणि तळाशी, बोटाला सापडेल न सापडेल अशा जागी,
इतर.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
गुरुवार नाही, कुणाला बोलावलेलंही नाही.
दुसऱ्यांदा खोकलं, ओलं, लांबलेलं.
मी पंखा बंद केला.
उजवी बाजू वाटते.
वरची असावी.
तिसऱ्याची वाट पाहतेय.