येताना एकही नाही

काउंटर नंबर सहा.
झुवैना नावाची मुलगी, नखांवर विटत आलेली मेंदी,
कागद माझ्याकडे वळवून म्हणते,
"छत्तीस आहेत. सगळे भरल्याशिवाय
गाडी विकता येणार नाही,
आणि तुम्हालाही जाता येणार नाही."

छत्तीस!
मला शाळेत हळूबाई म्हणत.
पंगत उठून पानं उचलली जायची
तरी मी पहिल्या भातावरच.
मावशी म्हणायची, गोगलगाय, पोटात पाय.
ते पाय कुठे होते
हे शेवटी ओमानच्या पोलिसांना सापडलं.

तारीख, वेळ, ठिकाण.
मर्यादा एकशेवीस, मी एकशे एकेचाळीस.
मर्यादा एकशेवीस, मी एकशे अडतीस.
इथल्या गाड्या एकशेवीसच्या वर गेल्या
की टिंग टिंग वाजत राहतात.
पहिल्या वर्षी मी दचकून पाय काढायचे,
मग ऐकू येईनासंच झालं,
जसं परक्या घरातलं घड्याळ
चौथ्या रात्रीपासून ऐकू येत नाही.

माझ्यामागे रांगेत शफीउल, पाण्याच्या टँकरवरचा.
त्याचा दंड एकच, दहा रियाल,
मालक पगारातून कापणार.
माझा आकडा ऐकून तो असा बघतो
जणू मी बसल्या बैठकीला जहागीर उधळली.
बघू दे. खरंच आहे ते.

झुवैना नखानं ओळी मोजते आहे.
शेजारणीला स्वाहिलीत काहीतरी सांगते, दोघी हसतात,
मग मला, हिंदीत, "सगळे गुरुवार.
सगळे कुरियातच्या पुढचे. सगळे सूरकडे जाताना.
येताना एकही नाही."

येताना मी नव्वदनं यायचे.
शनिवारी, ऊन कलल्यावर, समुद्र उजव्या हाताला,
ट्रकसुद्धा मागून दिवे मारून ओलांडून जायचे.
जा बाबांनो, म्हणायचे, मस्कत कुठे पळून जात नाही.

गावाचं नावच सूर.
आईला फोनवर म्हटलं होतं, सूर सापडलाय गं.
तिला वाटलं मी पेटी शिकते आहे.
सापडला होता एक माणूस,
जुन्या गलबतांच्या फळ्या बदलणारा,
हातांना कितीही धुतलं तरी माशाच्या तेलाचा वास.
मी निघाले की फोन करायचे
आणि तो अंदाजानं चहा टाकायचा.
उशीर झाला की चहा कडू व्हायचा.
एवढंच होतं घाईचं कारण.
पोलिसांना हे कुठल्या रकान्यात लिहून देणार?

"हा एकच मंगळवारचा," ती म्हणते.
पहाटे तीन चाळीस. एकशे छप्पन.
"आणि याच्यानंतर अकरा महिने काहीच नाही.
देशात नव्हता?"

होते.
गाडी दारात होती, पेट्रोल होतं,
गुरुवारही आपले येत होते.

ती जरा थांबते. आवाज खाली आणून म्हणते,
"त्या रात्री हॉस्पिटलचं काही असेल तर
कागद आणा. हा एक माफ होऊ शकेल."

कागद.
दारावरच्या नर्सनंही हेच विचारलं होतं,
तुम्ही त्यांच्या कोण?
मी सतरा वर्षं या देशाचं पाणी तपासलं,
कशात काय किती मिसळलंय
ते तीन दशांशापर्यंत सांगितलं,
आणि त्या दारात मला एक शब्द सुचला नव्हता.
आत त्याचा भाऊ होता. तो आत असणार, बरोबरच होतं.

"नाही कागद," मी म्हणाले. "सगळे घ्या."

चारशे दहा रियाल.
कार्ड पहिल्यांदा चाललंच नाही,
पुसून पुन्हा लावलं.
मंगळवारच्या ओळीची तेवढी वेगळी पावती द्याल का,
मी विचारलं.
तिनं मनापासून शोधलं,
दोन-तीन बटणं दाबली, शेजारणीला विचारलं.
सिस्टीम तशी देत नाही, म्हणाली,
सगळ्यांची मिळून एकच येते.

शफीउल पुढे सरकला.
मी त्याला वाट दिली.